तिच्या अंगातला स्वेटर

स्टेनार,

तुझा सिनेमा पाहिला. इथेच इसाफ्योर्दूरला, मासे साफ करायचं काम उरकून गेले होते. आपल्या आइसलँडमध्ये माणसं मूठभर, त्यामुळे पडद्यावर ओळखीचं कुणी दिसलं की थिएटरात टाळी पडतेच. इथला न्हावी दिसला, टाळ्या. कुणाचा तरी घोडा दिसला, त्यालाही टाळ्या. मग तुझी नायिका ब्रिंदिस आली आणि मी एकटीनेच टाळी वाजवली.

शेजारच्या आजींनी विचारलं, "तुझी कोण गं ती?"

"ती कुणी नाही, आजी. स्वेटर माझा आहे. मी विणलेला."

"मग घे की मागून! फुकटात मिरवतेय भवानी."

आसपासचे हसले, मीही हसले. तुझ्यासाठी, तुझ्या मापाने विणलेला स्वेटर तो, तिच्या बोटांवरून बाह्या लोंबत होत्या. तरी तिला शोभत होता. आपल्या सिनेमांत कपड्यांना पैसे नसतात, नटनट्या घरूनच आणतात. तिनेही घरूनच आणला असणार.

उद्याच्या बसने मी कायमची तुझ्याकडे यायला निघणार होते. आता नाही येत. थंडी आहे, स्वेटर राहू दे तिच्याकडे.

नको, काढून घे.

उन्नूर