गुरुवारी आम्ही बोलत नाही

६ मार्च, गुरुवार
मौन. लिहिलं तर चालतं, व्रत तोंडाचं आहे, हाताचं नाही.
दुपारी दारावर खाकी शर्टातला कोणीतरी कागद घेऊन उभा. नीट दिसला नाही. चष्मा मी फक्त हिशेबाला लावते, एरवी उगीच काच झिजते. वर्गणीवाला असणार. मागेही तीनदा आला होता, तेही गुरुवारीच. काहीतरी विचारत होता. मी डोळे मिटून हात जोडले, मान हलवली, दार लावलं. व्रतही वाचलं आणि वर्गणीही वाचली. देवाने हिंसा न करता एका दगडात दोन पक्षी मारले.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी
वॉचमन सांगत होता की काल हवालदार येऊन गेला. आमच्या घरातल्या कुणाच्या तरी नावाने वॉरंट निघालंय. अटकेचं. नाव कोणाचं म्हणून विचारलं, तर म्हणे त्याने सांगितलं होतं, पण तेवढ्यात पाण्याची टाकी वाहायला लागली आणि मी मोटर बंद करायला पळालो.
घरात माणसं दोन. एक मी. मॅट्रिक पास, प्रार्थना मंडळाची खजिनदार, आजवर बसचं तिकीटसुद्धा कधी बुडवलं नाही. दुसरे हे. आता हिशेब काय अवघड आहे.

संध्याकाळी
ह्यांना शांतपणे विचारलं, तुम्ही काय केलंत. म्हणाले, काही नाही. लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. काही न केल्याबद्दलच पकडत असतील. वर म्हणतात, वॉरंट तुझंही असेल. मी इतकी हसले की दूध उतू गेलं. अर्धा पेला तरी गेला असेल. ह्यांच्या खाती मांडला.
संकल्प: ह्यांना रागवायचं नाही. संकटात बायकोनेच खंबीर राहायचं असतं.

८ मार्च, शनिवार
तुरुंगात एकदम गेलं की माणूस खचतो. सवय असलेली बरी. म्हणून आजपासून ह्यांची गादी काढून सतरंजी दिली, जमिनीवर. चहा बिनसाखरेचा. पहाटे पाचला ताटावर चमचा वाजवून उठवलं आणि हजेरी घेतली. ह्यांनी विचारलं, हे सगळं कशासाठी. म्हटलं, प्रकृतीसाठी. उगीच धसका कशाला द्या.
दार उघडायलाही मनाई केली. जेलमध्ये दार आपण उघडत नसतो.

१० मार्च, सोमवार
स्वतः पोलीस चौकीत गेले. घराण्याचं नाव नको म्हणून एका मैत्रिणीच्या नवऱ्याचं वॉरंट आहे असं सांगितलं. हवालदाराने नवऱ्याचं नाव विचारलं. इथे पंचाईत. ते नाव ह्यांचंच, आणि ते मी जन्मात घेतलेलं नाही. नुसता पत्ता सांगितला. त्याने वही चाळली आणि म्हणाला, ह्या पत्त्यावर एक आहे, पण ते बाईच्या नावावर आहे. म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक. तो म्हणाला, मावशी, तुमच्या मैत्रिणीला सांगा, कोर्टात खिडकी नंबर चारला नाव दिलं की कॉम्प्युटरवर सगळं निघतं. आणि तिला म्हणावं लवकर जा, कारण तुमच्या भागाचा आमचा वार गुरुवार आहे, ह्या गुरुवारी मी येणारच.
मैत्रिणीला सांगते म्हटलं. बिचारी.

११ मार्च, मंगळवार
खिडकी नंबर चार. आधी ह्यांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. काही निघालं नाही. मग खिडकीतली मुलगी म्हणाली, काकू, तुमचं टाकून बघू का. म्हटलं, बघ हवं तर, तुझं समाधान होऊ दे.
निघालं.
दोन वर्षांपूर्वी आमच्या देवघरातली पितळी घंटा चोरीला गेली, सासूबाईंची. तिचा नाद असा की खालच्या मजल्यावरचं बाळ रडायचं थांबायचं. तक्रार मीच दिली होती. चोर सापडला, घंटा सापडली, कोर्टाच्या कोठीत पुरावा म्हणून पडून आहे, आणि साक्षीला तीनदा बोलावूनही बाई आल्या नाहीत म्हणून बाईंवरच वॉरंट. मुलीने शेरा वाचून दाखवला: समन्स घेण्यास मानेने नकार, हात जोडून.
म्हणजे तो वर्गणीवाला नव्हता. तर मग त्याने तसं सांगायला नको का. सांगितलं असेलही. पण जरा मोठ्याने सांगायचं.
दोन वर्षं घंटेशिवाय आरती करतेय, वाटीवर चमचा वाजवून. ती मिळाली पाहिजे. बाकी कोर्ट म्हणेल ते म्हणो.

१२ मार्च, बुधवार
ह्यांचे शाळेतले मित्र वकील आहेत, त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, वहिनी, घाबरू नका. वॉरंट जामिनाचं आहे. आपण होऊन हजर व्हायचं, रद्द करायचा अर्ज द्यायचा, साहेब दोन शब्द सुनावतील की संपलं. न जाता घरात बसलात तर मात्र उचलून नेतील. तारीख अठराची मिळाली, मंगळवार. गुरुवार नको हे मी आधीच बजावलं होतं.
तोवर सवय असलेली बरी म्हणून रात्री सतरंजीवर मी झोपले. अर्ध्या तासाने उठून गादीवर गेले. मला कंबर आहे. ह्यांनी सतरंजी परत घेतली. म्हणाले, चार रात्रींत पाठ मोकळी झाली. बिनसाखरेच्या चहाचं मात्र नाव काढत नाहीत. माझ्यासमोर बसून दोन चमचे घातले.

१३ मार्च, गुरुवार
मौन. दाराला आतून कडी. कुकरची शिट्टी झाली तर दोन्ही हात वर गेले. हे हसले. मी काही बोलले नाही. बोलता येत नव्हतं म्हणून हे वाचले.
हवालदार आला होता. ह्यांनी दार उघडून वकिलांची चिठ्ठी दाखवली. त्याला चहाही दिला. साखर घालून.

१६ मार्च, रविवार
साक्षीची तालीम. सासूबाई लग्नात घंटा घेऊन आल्या तिथून सुरुवात करायची, मग घंटेचा नाद, मग बाळ, मग चोरीचा दिवस, शेवटी चोराला उपदेश. ह्यांना जज म्हणून खुर्चीत बसवलं. चोरीपर्यंत पोचले तोवर जजसाहेब घोरत होते. खऱ्या कोर्टात असं होत नसावं.
संकल्प: सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. कोर्टाला अर्धवट माहिती देणं हे पापच.

१८ मार्च, मंगळवार
कोर्ट. साहेबांनी विचारलं, तीनदा का आला नाहीत. मी व्रताची सगळी हकिकत सांगितली, कोणी सुचवलं तिथपासून. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही इतकं बोलू शकता, तर एवढं समन्स घ्यायला काय झालं होतं. मग समज देऊन वॉरंट रद्द केलं. मला समज पहिल्यापासूनच आहे, पण घेतली.
मग साक्ष. घंटा टेबलावर ठेवली होती. काळवंडली आहे गरीब बिचारी. साहेबांनी विचारलं, ही घंटा तुमचीच का. मी म्हटलं, हो, त्याचं असं झालं. साहेब म्हणाले, बसा.
झालं. एवढ्यासाठी तीन समन्स. चोराने म्हणे सगळं आधीच कबूल केलं होतं. उपदेश राहिला तो मी बाकावरून खुणांनी केला. त्याने नमस्कार केला.
साहेबांनी हुकूम दिला की ह्या बाई बोलावून येतील याचा भरवसा नाही, तेव्हा घंटा ह्यांच्या घरी नेऊन ओळख पटवा, सही घ्या, ताब्यात द्या. एवढा मान कुणाला मिळतो. जीपमधून येईल बहुतेक.
वकील बाहेर म्हणाले, वहिनी, गुरुवारी दार तुमच्या यजमानांना उघडू द्या. म्हटलं, आता कशाला, मौनाचं भर कोर्टात सांगितलंय. गुरुवारी कोण येतंय.

२० मार्च, गुरुवार
मौन. कोणी आलं नाही. बघा.

२४ मार्च, सोमवार
देवघरात घंटेची जागा धुऊन पुसून ठेवली. चिंच आणि मीठ तयार आहे घासायला. वाटी स्वयंपाकघरात परत गेली. घंटा मिळणार म्हणून देवाला काहीतरी जास्तीचं द्यायला हवं, पण खर्चाचं नको. ठरवलं, येत्या गुरुवारी मौनाबरोबर कानात कापूसही. कापूस घरात आहेच.

२७ मार्च, गुरुवार
मौन आणि कापूस. काय शांतता. हे पेन्शनच्या कामाला बँकेत गेले.
अकराच्या सुमारास दारावर धप्प धप्प जाणवलं. उघडलं तर खाकीसारखं काहीतरी, हातात पिशवी. जीप नाही, काही नाही. पिशवी पुढे करून काहीतरी विचारत होता. विकणारा असणार. मी डोळे मिटले, हात जोडले, मान हलवली. त्याने परत विचारलं. परत हलवली, जरा जोरात. कागदावर काहीतरी लिहून गेला.
दार लावलं आणि नवल झालं. कानात कापूस असताना खूप दुरून, देवलोकातून यावा तसा घंटेचा नाद आला. अगदी सासूबाईंच्या घंटेचा. एकेक पायरी उतरल्यासारखा हळूहळू लांब गेला. अंगावर काटा आला. व्रत फळलं.

२८ मार्च, शुक्रवार
वॉचमन भेटला. त्याने काल हवालदाराचं बोलणं पूर्ण ऐकलं, म्हणे टाकी रिकामी होती. हवालदार सांगत होता, बाईंना घंटा दाखवली, दोनदा विचारलं तुमचीच का, बाई दोन्ही वेळा नाही म्हणाल्या.
वकिलांना फोन केला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. आज शुक्रवार असून. मग म्हणाले, वहिनी, कोर्टात हो आणि घरी नाही, ह्याचा खुलासा आता साहेब मागतील. तोवर घंटा कोठीत. समन्स निघेल, तुमच्या भागाचा वार कुठला हे तुम्हाला माहीत आहेच. ह्या वेळी हजर झाला नाहीत तर वॉरंट बिनजामिनाचं, थेट कोठडी.
संध्याकाळची आरती वाटीवर केली.
रात्री आत आले तर ह्यांनी माझी गादी गुंडाळून सतरंजी घातलेली. उशाशी बिनसाखरेचा चहा. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, सवय असलेली बरी.