अंबाडीची काडी

११ ऑगस्ट, सोमवार

आज नातीनं मला सांगितलं की माझं लग्न झालेलंच नाय. चहाला बसलो होतो. माझं बिस्कीट चहात पडलं ते तळालाच गेलं.

नात म्हणजे पल्लवी, माझ्या भास्करची पोरगी. वकिलीच्या बी वरचं शिकती. तिला एक जाडजूड प्रबंध लिहायचाय, विषय काडीमोड. म्हणजे कोर्टाबिगर, चार पंचांसमोर काडी मोडून नवरा-बायकोनं वेगळं व्हायचं, ते. मागल्या आठवड्यात मेथी निवडताना म्हणली, "आजी, हे पूर्वी नेमकं कसं करायचे गं? पुस्तकात दोनच ओळी आहेत." मी म्हणलं, "माझीच झालीय की. विचार काय विचारायचं ते." तिच्या हातातली जुडी हातातच राहिली.

लपवलं असं नाय. कुणी विचारलं नाय, मी सांगितलं नाय.

तिच्या सरांनी तिला रोजनिशी ठेवायला लावलीय. मी म्हणलं, मग माझी बी ठेव. मी सांगते, तू लिही. अक्षर येत नाय, पण तोंड आहे. अट एकच, सांगंल ते सगळं लिहायचं. तुझी चहाडी असली तरी. (मान्य. — प.)

१३ ऑगस्ट, बुधवार

प.नं आज नीट उलगडून सांगितलं. नवरा-बायकोला सुटायचं तर कोर्टात जावं लागतं. पण ज्यांच्यात काडीमोडीची रूढी आधीपासून आहे, त्यांना सूट. फक्त ती रूढी सिद्ध करून दाखवायची. जुनी पाहिजे, ठरलेली पाहिजे, मधीच खंड पडलेला नको.

"आन् नाय झाली सिद्ध तर?"

"तर पहिलं लग्न उभंच. मग दुसरं रद्द."

माझं पहिलं लग्न पैठणकडच्या रंगनाथसंगं, दोघंबी पोरंच होतो. मग काडीमोड. मग दोन-चार वर्षांनी भास्करच्या बापासंगं पाट लागला. पाट म्हणजे बाईचं दुसऱ्यांदाचं लग्न, त्यात वाजंत्री नसती, बाकी स्वयंपाक तेवढाच असतो. तर आता हिच्या पुस्तकाप्रमाणं काडीमोड खोटी ठरली तर पाट बी खोटा.

"मग तुझ्या आजोबाच्या घरात मी इतकी वर्षं काय केलं?"

ती पुस्तकाची पानं उलटायला लागली. मीच म्हणलं, "भाकरी."

हसलो लई. पण ती आत गेल्यावर भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडं बघितलं. म्हणलं, ऐकलं का? तुमची मी कोण, हे आता कॉलेजात ठरायचंय.

१७ ऑगस्ट, रविवार

भास्करला आज कळलं. वाळूजच्या कंपनीला सुट्टी, म्हणून घरात होता, नायतर त्याला काय कळतंय.

"आई, हे तू मला आज सांगतीस?"

"तू कधी विचारलं?"

"कुणी विचारतं का असं आईला?"

"बघ मग."

जरा वेळानं तोंड बारीक करून लेकीला म्हणला, "पल्लवी, आजीचं लग्न रद्द, तर मग मी...?" प. म्हणली, "पप्पा, लग्न रद्द ठरलं तरी पोरं औरसच धरतात. कलम आहे तसं." भास्कर म्हणला, "उपकार झाले." मी म्हणलं, कलम नसतं तरी शाळेत तुला मीच सोडत होते.

मग मुद्द्यावर आला. आईचं नाव प्रबंधात घालायचं नाय. पल्लवीचं जमवायचंय, पाव्हणे वाचतील. मी म्हणलं, जे पाव्हणे प्रबंध वाचतील तिथं डोळे झाकून पोरगी दे.

प. म्हणली, मधला रस्ता आहे, नाव बदलून 'क्ष बाई' लिहिते. मला नाय पटलं. क्ष बाईच्या बापाचा बैल लंगडा झाला होता का? (बैलाचं पुढं सांगते.) क्ष बाईनं काडी धरली होती का? जन्मात एकदा पुस्तकात यायची वेळ आली, तर ते बी दुसरीच बाई जाणार. नाय. माझंच नाव पाहिजे.

भास्कर जेवला नाय नीट. श्रीखंड मात्र दोनदा घेतलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

प.च्या सरांचा फोन. मोठ्या आवाजावर ठेवला. माणूस मवाळ आहे, खोकून मग बोलतो.

"आजी, काडी मोडताना तुम्ही पाहिलं होतं का?"

"पाहिलं म्हणजे? एक टोक माझ्याच हातात होतं."

"मग मोडली ना?"

आता खरं ते सांगितलं. रीत तुराटीची. तुरीची वाळलेली काडी, हात लावला की कट्‌कन दोन तुकडे. पण त्या दिवशी काडी आणायला उठला रंगनाथ. आन् त्या येड्यानं बांधावरची हिरवी अंबाडी उपटून आणली. अंबाडीचे दोर वळतात, ती कशाला तुटती? आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ओढली, पिळली. आतलं काड मोडलं, वरची साल काही तुटंना. एक टोक माझ्याकडं, एक त्याच्याकडं, मधी सालीचा धागा लोंबतोय. पंच म्हणले, तुटली समजा, पानं वाढलीत.

शेतकऱ्याचं पोर आन् एवढी अक्कल नाय. तेव्हापासून मनात त्याला येडाच म्हणत आले.

सर दोनदा खोकले. मग म्हणले, "यावर अजून कुणीच लिहिलेलं नाही." आवाजात असा आनंद, जसा काय त्यांच्याच घरी पाळणा हलला. मग म्हणले, एका साक्षीवर भागत नाही. पंच गेले असतील. "काडीचं दुसरं टोक धरणारे हयात आहेत का?"

प. माझ्याकडं बघती, मी प.कडं.

२० ऑगस्ट, बुधवार

हयात आहे. माझ्या भावाच्या सुनेनं पत्ता लावला. ऐकू कमी येतं, बाकी टणटणीत. बायको आहे, नातवंडं आहेत. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आता पैठणच्या अलीकडं नव्या वस्तीत राहतो. प. म्हणती रविवारी जाऊ.

समोरच्या रजियाआपाला सांगितलं. ती म्हणली, "हमारे में तो औरत खुद बोल सकती, मेरे को नहीं रहना. खुला बोलते उसको." मी म्हणलं, आमच्यात आम्ही कुणीच नाय बोललो, दोघांचे बापच बोलले. "फिर कौनसा अच्छा?" म्हणून विचारती. दोघी विचार करत बसलो. तिचं दूध उतू गेलं.

जाताना म्हणली, "केस किसके पास है?" म्हणलं, नातीकडं. "फिर तो गई."

(हे लिहायलाच हवं का? — प.) लिही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. इथं गारखेड्यात बैल कुठले, गाडीवरून मातीची जोडी आणली. सुनेनं पुरणाचा नैवेद्य दाखवला. एक बैल प.च्या हातून पडून पाय मोडला. मला हसू आवरंना, कारण सगळी भानगड बैलाच्या पायावरनंच झालेली.

प. म्हणली सांग, हे महत्त्वाचं आहे, काडीमोडीचं कारण लागतं. तर कारण असं. सासऱ्यानं पोळ्याला मिरवायला माझ्या बापाचा ढवळ्या बैल मागून नेला. बैल लंगडत परत आला. बाप म्हणला, ज्या घरात बैल धड राहत नाय तिथं पोर काय राहणार? सासरा म्हणला, बैल आधीच लंगडा होता, पोरगी बी बघून घ्यायला पाहिजे होती. झालं. पंच बोलावले.

प. विचारती, "आणि तुम्हा दोघांचं काय म्हणणं होतं?"

आमचं? मी सासरी एक पावसाळाच राहिले होते. त्याच्यासंगं चिंचोके खेळायची. तो हरायचा आन् रडायचा नाय, एवढं ध्यानात आहे. म्हणणं कुणी विचारलं नाय. लग्नाला बी नाय, मोडायला बी नाय. ढवळ्याला तरी वैद्य आणला होता.

२४ ऑगस्ट, रविवार

जाऊन आलो. दमले आहे पण आजच सांगते, उद्या तिखटमीठ लागंल.

सकाळी भास्कर स्टँडवर सोडायला आला. गाडी सुटताना खिडकीतून पाण्याची बाटली दिली आन् म्हणला, "त्यांना... माझा नमस्कार सांग." मी तोंड फिरवलं, हसू आलं म्हणून नाय.

यष्टीत माझं तिकीट माफ, नातीचं अर्धं. कंडक्टर म्हणला, "कुठं आजी, नाथांच्या दर्शनाला?" म्हणलं, रंगनाथाच्या.

पत्र्याचं घर, पुढं अंगण. म्हातारा बाजेवर. मी म्हणलं, "ओळखलं का?" तो म्हणला, "ऐकू येत नाय, दिसतंय चांगलं. द्वारका." त्याची बायको सरूबाई, ठेंगणी, तोंडाळ. मला लगेच आवडली. प.नं तिला सगळं सांगितलं, काडी तुटली नसंल तर काय काय होतं ते. सरूबाई पदर तोंडाला लावून हसली. म्हणली, "म्हणजे ह्या थोरल्या, मी धाकटी! मग थोरल्या बाई, उठा, चहा ठेवा." मी उठले बी. चहा मीच केला. साखर कुठं ठेवती ते सापडंना, तर म्हणती, "एवढी वर्षं संसारात लक्ष नाय, कशी सापडंल?"

चहा झाल्यावर प.नं फोन पुढं ठेवला, आवाज भरायला. मोठ्यानं विचारलं, "बाबा, काडी तुटली होती का?"

"नाय."

"मग पंचांनी तुटली धरली?"

"त्यांनी धरली."

मला राहवंना. म्हणलं, "अरे येड्या, तुराटी आणायची सोडून तू अंबाडी आणली. तुझ्यामुळं आज माझं लग्न कोर्टात उभंय."

त्यानं ते बरोबर ऐकलं. बाजेवर नीट बसला. म्हणला, "द्वारका, मी शेतकऱ्याचं पोर. तुराटी कोणती आन् अंबाडी कोणती, मला कळत नव्हतं व्हय?"



मी म्हणलं, "मग तोंडानं का नाय बोलला?"

"बापासमोर तोंड उघडायची सोय होती का? म्हणलं, माझ्यापेक्षा काडी बोलंल."

सरूबाईच पहिली बोलली. म्हणली, "तरी म्हणते, परसात दरसाल अंबाडी कशाला. भाजी तर ह्यांना आवडत नाय." आन् हसली. ते हसणं खरं होतं, मी बघितलं. मग परसात गेली, मोठी पेंढी उपटून आणली. "न्या थोरल्या. कण्या घालून करा, वरनं लसणाची फोडणी."

निघताना भास्करचा नमस्कार सांगितला. म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडले. "पोरगा कशात आहे?" म्हणलं, कंपनीत. "चांगलं झालं. बैल नाय ना?" म्हणलं, नाय. "मग भांडण नाय."

परतीच्या गाडीत पेंढी मांडीवर. प. झोपली. मी नाय.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळपासून प. डोकं धरून बसलीय. म्हाताऱ्याचं पहिलं बोलणं तेवढंच घेतलं तर रूढीला बळ येतं, पंचांनी धरली म्हणजे झाली. पुढचं घेतलं तर नवऱ्याची संमतीच नव्हती, मग काडीमोड कसली? सगळं घातलं तर आजीचं लग्न लटकतं. निम्मं घातलं तर प्रबंध लटका. सरांना फोन केला. सर म्हणले, दोन प्रकरणं होतील. त्यांचं बरंय.

मला म्हणती, "आजी, तू सांग. घालू का नको?"

मी ह्यांच्या फोटोला विचारलं. हे हसतायत. फोटोत हे पहिल्यापासूनच हसतायत, त्याच्यावरनं काही कळत नाय.

आमच्या ह्यांनी काडी आणली नाय कधी, तुटायची बी नाय, न तुटायची बी नाय. पण मी तापानं पडले तेव्हा हेच भाकरी थापायला बसले होते. वेड्यावाकड्या. हे कोणत्या कलमात घालणार आहे पोरगी, बघू.

संध्याकाळ.

अंबाडी निवडायला घेतली. पानं सुपात, देठं बाजूला. एक देठ घेऊन प. म्हणली, "आजी, बघू तरी." एक टोक तिनं धरलं, एक मी. ओढलं. आतलं मोडलं, साल तशीच. सुनेनं ओढून बघितलं. रजियाआपानं ओढून बघितलं, "तोबा, क्या चीज है." भास्कर कामावरून आला, बूट न काढता त्यानं बी ओढलं. नाय तुटली.

देठ हातात धरून जरा उभा राहिला. मग लेकीला म्हणला, "सगळं घाल. आन् आईचं नाव बी घाल. पूर्ण."

"पूर्ण म्हणजे?"

"द्वारकाबाई..." म्हणून थांबला. बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लागतं. आता सगळे माझ्याकडं बघतायत. प. पेन धरून बसलीय. रोजनिशी बी लिहिती आन् प्रबंध बी.

"आजी, द्वारकाबाई लिहिलं. पुढं?"

पुढं आधी लसूण सोल म्हणलं. फोडणी जळायला लागलीय.