पूजेतून उचललेला स्कोप

१६ सप्टें., मंगळ.
ताई आज लिफ्टमध्ये अडकली. डायलिसिसहून परतताना, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे. दाजी सोबत होते म्हणून बरं. लिफ्टची देखभाल करणारा म्हात्रे आला, मोटरच्या खोलीत जाऊन हाताने लिफ्ट खाली घेतली. मग शेजाऱ्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाचव्यावर नेलं. वर पोचल्यावर म्हणाली, "चार जणांनी उचलायची वेळ अजून आलेली नाही माझी. पुन्हा नाही हं." हसत म्हणाली. पण म्हणाली.

१७ सप्टें., बुध.
म्हात्रे लिफ्टचा बोर्ड काढून ताईच्या ठाकुर्लीहून थेट डोंबिवलीला, माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. दिवसभर टेबलावर चालवला. विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या मोठ्या स्कोपवर रेघ सरळ, देखणी. एकदाही चुकला नाही. म्हणजे दुखणं इथे येणार नाही, मलाच तिकडे जायला हवं.
जुना स्कोप नेणार कसा? हर्नियाच्या ऑपरेशननंतर वजन उचलायला मनाई. शिवाय तो भिंतीच्या विजेवर चालणारा. म्हात्रे म्हणतो, "मोजायला अडचण येत असंल तर प्लगची अर्थिंगची पिन काप नं दादा, सगले तेच करतात." करतात खरे. पण मग स्कोपच्या पत्र्यालाच करंट येऊ शकतो. नको. बॅटरीवरचा, हातात धरता येणारा बघायला हवा. दोन वर्षं नुसता विचारच चाललाय.

२० सप्टें., शनि.
ताई डायलिसिसला गेली नाही. बोर्ड परत बसवूनही लिफ्ट कालपासून पुन्हा रुसलेली. फोनवर म्हणाली, "आज खुर्ची नको, जिना नको. मंगळवारी बघू." नंतर दाजींनी फोन घेतला, हळूच म्हणाले, "पाय सुजलेत."
सौ.ला म्हटलं, उद्याच ठाण्याला जाऊन स्कोप आणतो. "उद्या सर्वपित्री. नवी वस्तू पितृपक्षात? एक दिवस थांबा." थांबलो. तसंही रविवारी ते दुकान बंद असतं, हे तिला सांगितलं नाही.
संध्याकाळी देवापाशी बसलो. मागितलं काही नाही. नुसता बसलो.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना
ठाणे. टेंभी नाक्यावर देवीची गर्दी, लांबूनच हात जोडले.
दुकानात शेठने तीन स्कोप मांडले. एक टॅबलेटसारखा, पडदा सुंदर, पण बॅटरी बेताची. दुसरा खिशात मावेल असा, खेळण्यासारखा. शेठ टॅबलेटवालाच खपवायच्या मागे. "काका, ह्याची फ्रिक्वेन्सी तरी बघा."
म्हटलं, "शेठ, मला रेडिओ पकडायचा नाही. लिफ्ट चालता चालता एखाद्याच वेळी ठेचकाळते. ती ठेच धरून ठेवील असा द्या."
"मग असं बोला ना. हा घ्या." तिसरा. जाडजूड, कडेने रबर. एकदाच येऊन जाणारी लहर पडद्यावर गोठवतो. दोन्ही प्रोबची, म्हणजे टेकवून मोजायच्या सुयांची, तोंडं आतून एकमेकांपासून अलग. आणि आकडे चष्म्याशिवाय दिसतात. खरं सांगायचं तर मन तिथेच बसलं.
नमुना विकायचा नाही, माल नवमीपर्यंत. ठीक.

२७ सप्टें., शनि.
लिफ्ट सोमवारपासून आपोआप चालू. ताई तिन्ही वेळा जाऊन आली. सूज उतरली. वर पोचले की दाजी मिस्ड कॉल देतात. तोवर माझं कामात लक्ष नाही. आपोआप बरं झालेल्या यंत्रावर माझा विश्वास नाही.

१ ऑक्टो., बुध. नवमी
स्कोप आला. सौ.ने हातातूनच घेतला. पाटावर पक्कड, मीटर, सोल्डरिंगचं आयर्न, मधे हा. हळदकुंकू, झेंडू. उद्या सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही आमच्या गावची रीत. वडील सुतार, पण दसऱ्याला घरात खिळा ठोकला नाही कधी.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
सकाळी दाजींचा फोन. लिफ्ट बंद. रिकामीच अडकली, एवढं बरं. ताई डायलिसिसला निघायला साडी नेसून बसलेली. "सणाचं राहू दे आज," म्हणते.
पाटासमोर उभा राहिलो. सौ. आतून आली. स्वतः नमस्कार केला, फूल बाजूला ठेवलं, स्कोप उचलून माझ्या हातात दिला. "ती बसलीय तिकडे. देवाला कळतं."
मोटरची खोली. म्हात्रे बटणावर, मी स्कोपवर. रेघ नुसती थरथर. म्हात्रे म्हणाला, "बघ, मी बोललेलो. बोर्डच गेला." मीही हो म्हणणार होतो. मग सवयीने प्रोब स्कोपच्याच चाचणीच्या खुंटीला लावला, तिथे लहर नेमकी यायलाच हवी. तिथेही थरथर. प्रोबचं टोक पाहिलं तर लाल. सौ.ने तिथेही ओलं कुंकू मनापासून लावलेलं. स्पिरिटने पुसलं, आधी कपाळाला लावून.
म्हात्रे खाली बसून हसला. "दादा, वहिनीनं सोसायटीला नवा बोर्ड घ्यायला लावला असता."
मग रेघ स्वच्छ. चोवीस व्होल्ट, सरळ. ब्रेक सुटताना एक खड्डा, क्षणाचा. गोठवला. मीटरला तो कधी दिसला नसता. बोर्डाला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय आतून सुकलेला, लिफ्टचा जोर तिथेच मोडत होता. म्हात्रेच्या पेटीत नवा सप्लाय होता, त्याने बसवला. रिकाम्या फेऱ्या मारल्या. खड्डा नाही.
ताई उशिरा गेली, पण डायलिसिसवाल्यांनी तिला घेतलं. दुपारी मिस्ड कॉल. तेव्हा चहा प्यालो.
सौ.ला कुंकवाचं सांगितलं. "मग? पूजेतून उचललं की हत्यार रुसणारच," म्हणाली आणि आपट्याचं पान हातात ठेवलं.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी
ठाकुर्लीला गेलो, लिफ्टने. ताईने मला मुद्दाम दोनदा वर-खाली फिरवलं. तिला दूध दोनच घोट, बाकीचं दाजींनी संपवलं. स्कोपच्या खाचेत लाल अजून आहे, ते काढत नाही.
निघताना म्हणाली, "दरवर्षी तूच येतोस. या भाऊबीजेला मी येते डोंबिवलीला. आता काय, लिफ्ट आहे."
आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसरा मजला. तिला आठवलं नसेल. की आठवूनच म्हणाली?
मी "ये" म्हटलं. दाजींना खाली गाठून ती प्लास्टिकची खुर्ची कुणाची, ते विचारून ठेवलंय.