आजोबांचं काम कोण करणार

ती. आप्पांना पवित्राचा नमस्कार.

मी मजेत आहे. ऑफिसातली काही माणसं कमी केली, पण माझं काम चालू आहे. तुमचा गुडघा कसा आहे? रात्री नुसता दूधभात खाऊन झोपत नाही ना?

काल इथे आमच्या भागात, मारतहळ्ळीत, आमच्या हौशी नाटक मंडळाची बैठक झाली. दिवाळीनंतर तीन अंकी नाटक करायचं ठरलंय. त्यात आजोबांचं मोठं काम आहे आणि आमच्यात चाळिशीचंही कुणी नाही. गेल्या वर्षी दयानंदने केसांना पावडर फासली होती. कुणीतरी पंखा लावला आणि मरायला टेकलेले आजोबा भर प्रवेशात तरुण झाले. लोक रडायच्या जागी हसत सुटले.

म्हणून मी तुमचा फोटो दाखवला, तुम्ही जत्रेत नाटकं करायचा तेही सांगितलं. मंडळातली कावेरी म्हणाली, "सरी, आजोबा मिळाले." सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक. मी तुम्हाला न विचारताच हो म्हणून आले.

आई गेल्यापासून तुम्ही तोंडाला रंग लावला नाही, माहीत आहे मला. संवाद सोबत पाठवतेय. मिशी काढू नका. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर इथे येऊन पहिल्या तालमीत सगळ्यांसमोर म्हणा.

खोली आवरून ठेवलीय.

तुमची,
पवित्रा