बटणांची मनधरणी

१२ डिसेंबर ८६, वरोरा

सकाळी सगळ्यांची तब्येत विचारली. कोलू काल पाटावरून पडला, कडेचा टवका उडाला — हळद लावली, आता बरा आहे. श्रावण ठणठणीत. सोमाजी हरल्यापासून जरा उतरलेला. गुलाब गप्प गप्प. आणि डोमा तर तोंडच उघडत नाही!

केसर चुलीपासून म्हणाली, "अवो, बटनाईले विचारून झालं असन त चा घ्या."

१३ डिसेंबर

हो, बटणंच. हाफिजभाऊंच्या शिलाई दुकानातली. पांढरी माझी, काळी त्यांची. उन्हाळ्यात रेडिओवर फुटबॉलच्या जागतिक सामन्यांच्या बातम्या ऐकल्या तेवढंच आमचं ज्ञान. बाकी नियम घरचे. मैदान म्हणजे पाट, चेंडू म्हणजे तुरीचा दाणा. प्रत्येक गड्यापुढे चिंचोके — ते त्याचं मन. जितके चिंचोके, तितक्यांदा त्याच्या नावाने कवड्या टाकायच्या. बाहेर बसवला की एक चिंचोका कमी. मोठ्याने समजूत घातली की एक वाढतो — पण समजूत मनापासून होती की वरवरची, ते समोरच्याने ठरवायचं. आणि चिंचोके संपले की गडी मोकळा. पाहिजे तिकडे जावं त्याने, अडवायचं नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते फक्त इथे लिहितो. हाफिजभाऊंच्या बायको सुलतानाभाभी उन्हाळ्यात वारल्या, तेव्हापासून त्यांची मशीन बंद. मुलगा नईम नागपूरला बोलावतो. "मशीन विकतो न जातो पोराकडे," हे रोजचंच. अख्ख्या जन्माचा शेजार! तो गेला तर मी कोणाशी भांडू? म्हणून खेळ काढला. निदान दुकानाची फळी तरी उघडते.

मला फुटबॉलचं काडीचं वेड नाही. गुडघे आखडतात.

१५ डिसेंबर

डोमाला बाहेर बसवलं होतं, आज त्याची समजूत. "डोमा, बाबू, तुझ्याबिगर गोल उघडा पडते रे."

हाफिजभाऊंनी मान हलवली. "हे मनातून नाई आलं, वामनभाऊ. पुन्हा बोला."

पुन्हा बोललो. मग त्याच्या बापाची आठवण काढली — कोटाचं बटण होतं ते! चिंचोका मिळाला. पायजम्याचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत गेलं.

१७ डिसेंबर

अनर्थ! ऐन सामन्याच्या दिवशी डोमा गायब. डबा पाहिला, अंथरूण झटकलं, केसरवर आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या सदऱ्याले बटन नोव्हतं. लावून देल्लं."

गोलकीपर माझ्या छातीवर! तोडू म्हटलं तर हाफिजभाऊ आडवे आले — गड्याला इजा होते म्हणे. शेवटी पाटावर ओणवा होऊन, छाती गोलावर टेकवून खेळलो. तीन गोल अडवले. खोकला आला तेव्हा चौथा झाला.

हाफिजभाऊ हसले. डोळे पुसेपर्यंत हसले. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच.

कंबर धरली आहे. धरू दे.

२० डिसेंबर

नईम आला. "अब्बा, आता चला."

"सामना अर्धा हाये बेटा. गुलाबचं मन ठीक नाई."

नईमने विचारलं, "गुलाब कोण?" मी बोट दाखवलं. पोरगं पाटावर वाकलं, बटण पाहिलं. मग उठून गेलं. जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याच्या बापाला भांग पाजली!

२३ डिसेंबर

गुलाबचा शेवटचा चिंचोका गेला. माझा कप्तान! विनवलं, रागावलो, केसरच्या हातचा तिळाचा लाडू दाखवला. हाफिजभाऊ ऐकेनात.

"आता सोडा त्याले. मनच नसन त काऊन धरून ठेवता?"

बोलले आणि कवड्या गोळा करू लागले. मी गुलाबला पाटाबाहेर ठेवलं.

२४ डिसेंबर

मी बटणांचे चिंचोके मोजत राहिलो. हाफिजभाऊंपुढे किती उरलेत, ते पाहिलंच नाही. इतके दिवस धरून कोण बसलं होतं? मीच.

२५ डिसेंबर

सांगून टाकलं. "हाफिजभाऊ, जा तुमी नईमकडे. माह्यासाठी थांबू नोका."

त्यांनी कवड्या खाली ठेवल्या. "मी त तुमच्यासाठीच थांबलो होतो! नोकरी सुटली तवापासून तुमी ओट्यावर बसून भिंतीशी बोलून राह्यले होते. केसरभाभी म्हणे, याईले एकटं सोडू नोका. म्हणून खेळत होतो. नाईतर फुटबॉल कोणाले समजते भाऊ!"

घरी येऊन केसरला विचारलं. ती म्हणाली, "मंग काय, बटनाच्या भरवशावर सोडू तुमाले?"

२८ डिसेंबर

हाफिजभाऊ सकाळच्या गाडीने गेले. काळी बटणं घेऊन गेले. मशीन मात्र विकली नाही — आमच्या ओसरीत ठेवली आहे.

दिवसभर कोणाचीच तब्येत विचारली नाही.

९ जानेवारी ८७

नईमचं कार्ड आलं. तसंच इथे उतरवून ठेवतो:

"वामनकाका, सलाम. अब्बांनी घरातल्या प्रत्येकाच्या ताटापुढे चिंचोके मांडले आहेत. माझ्या बायकोपुढे पाच, मुलांपुढे सात-सात. माझ्यापुढे एकच. काल रात्री मी तासभर त्यांच्याशी बोललो, तरी म्हणतात मनातून आलं नाही. तुम्ही कसं बोलायचात? लवकर लिहा."