नातेवाइकाचं निवेदन

१६ जून, सकाळी

आजपासून रोजनिशी. पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं. सातला उठलो, पण निश्चय पाचचाच आहे.

विमा कंपनीत आयुष्यभर लोकांचे क्लेम तपासले. जुना कागद वाचून खरं-खोटं ओळखण्यात माझा हात धरणारा पुण्यात कुणी नाही. ती नजर आता इतिहासाला अर्पण. विषय पक्का: महाराष्ट्रातील मनोविकारांचा इतिहास, १९३० पर्यंत. तीन खंड. रास्ता पेठेतल्या एका ट्रस्टकडे कधीच बंद पडलेल्या एका खासगी वेड्यांच्या आश्रमाचे शंभर वर्षांपूर्वीचे केसपेपर आहेत. कुणी हात लावलेला नाही. वाट माझीच पाहत होते.

हेमाला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. एकतीस वर्षांच्या संसारात नवरा इतिहासकार होतो आणि बायको 'बरं' म्हणते. असो. चहात साखर नव्हती.

२० जून

ट्रस्टमध्ये सत्यशीलाबाई म्हणून ग्रंथपाल आहेत. आपण कुठल्या विद्यापीठाचे, असं विचारलं. स्वतंत्र संशोधक, असं सांगितलं. म्हणजे रिटायर्ड, म्हणाल्या आणि लिहून घेतलं. पेन चालणार नाही, पेन्सिल आणा. एका वेळी एक फाइल. एक ते चार बंद. पंखा फक्त कागदांसाठी आहे, वाचकांसाठी नाही. मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात असल्या माणसांना सामावून घ्यावं लागतं.

पहिलीच फाइल सोन्यासारखी. द्वारका, वय अठ्ठावीस, जुन्नरकडच्या शाळामास्तरची बायको. बोलत नाही, झोपत नाही, जेवत नाही, विहिरीपाशी जाऊन बसते. खाली रकाना: 'नातेवाइकाचं निवेदन'. त्यात मास्तर सांगतो, केव्हापासून ते ठाऊक नाही, भाकऱ्या करपू लागल्या तेव्हा ध्यानात आलं.

भाकऱ्या करपू लागल्या तेव्हा! माझ्या टिपणाच्या समासात लिहिलं: काय माणूस होता! शिकलेला, चार पोरांना शहाणं करणारा, आणि घरात दिव्याखाली अंधार. यावर स्वतंत्र प्रकरण करणार. 'आंधळे नवरे'.

२ जुलै

प्रस्तावनाच चाळीस पानं झाली. नमनाला घडाभर तेल म्हणतील, म्हणोत. द्वारकेच्या पुढच्या फायली अजून मिळाल्या नाहीत.

स्पृहाचा बंगळूरहून फोन. आई फोनवर धड बोलत नाही, तिला डॉक्टरकडे न्या, म्हणाली. थायरॉइड असतं या वयात, मी म्हटलं. त्यावर आमची कन्या म्हणते, बाबा, तुम्ही मनोविकारांवर पुस्तक लिहिताय ना? मी शांतपणे सांगितलं की माझं पुस्तक १९३० पर्यंतच आहे. तिने फोन ठेवला. मुलीच्या जातीला इतका संताप बरा नाही.

एक निरीक्षण: हेमा हल्ली पेपरातलं शब्दकोडं सोडवत नाही. पूर्वी त्यावरून मला छळायची, चार अक्षरी अमुक सांगा, पाच अक्षरी तमुक सांगा. आता सकाळ निवांत जाते. लेखनाला उत्तम.

९ जुलै

घरी आलो तर गॅसवर काहीही नाही. हेमा नाही. अंधार पडताना आली. कुठे गेली होतीस, तर खडकवासल्याला. एकटी, बसने. काय केलंस तिथे, तर पाणी बघत बसले म्हणाली.

आता माणूस पावसाळ्यात खडकवासल्याला जातो आणि कणीस न आणता परत येतो? मला भाजलेलं कणीस आवडतं हे तिला माहीत नाही? तिखट-मीठ, लिंबू! मी चिडलो, चिडणारच. तिने चूक झाली म्हटलं. मी मोठ्या मनाने विषय सोडला आणि खिचडी टाकायला सांगितलं.

खिचडी खाली लागली होती.

१५ जुलै

अडथळा. सत्यशीलाबाई म्हणतात, द्वारकेचे पुढचे कागद पेशंटचे खासगी कागद आहेत, समितीवरच्या डॉक्टरांची परवानगी लागेल. डॉक्टर म्हणजे कॅम्पातल्या डॉ. मेहजबीन तांबोळी, मानसोपचारतज्ज्ञ. फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मॅडम संशोधकांना भेटत नाहीत, पेशंट असेल तर सांगा.

पेशंट असेल तर! याला म्हणतात सुचणं. हेमाला पेशंट म्हणून न्यायचं. तिला समजावलं: उदास बसायचं, झोप येत नाही म्हणायचं, द्वारकेची लक्षणं मी लिहून देतो, पाठ कर. ती म्हणाली, पाठ करायची गरज नाही, जमेल मला.

२४ जुलै, संध्याकाळ

हेमाने कमाल केली. कॉलेजात एकांकिकेत काम करायची, तो गुण गेलेला नाही. डॉक्टरांनी काय होतंय एवढंच विचारलं आणि ही रडायला लागली. खरंखुरं पाणी. म्हणाली, सकाळी उठून करायचं काय ते कळत नाही. म्हणाली, घरात असून नसल्यासारखी आहे, भांडी घासताना आपलेच हात परक्याचे वाटतात. हे द्वारकेच्या कागदात नव्हतं. स्वतःच्या मनाने घातलं. मी थक्क झालो.

संधी साधून मी ट्रस्टच्या परवानगीचा विषय काढला. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. पाऊण तास बसलो. नंतर मला आत बोलावून म्हणाल्या, गोळ्या आजच सुरू करा, एकटं सोडू नका, पंधरा दिवसांनी आणा. परवानगीबद्दल चकार शब्द नाही. बाई हुशार आहेत, पण विषय बदलतात.

रस्त्यात हेमाने मेडिकलचं दुकान दाखवलं. मी हसलो. म्हटलं, अगं, नाटक संपलं, आता औषध कशाला? तिने औषधांची चिठ्ठी माझ्या हातात दिली. चिठ्ठी मी घरी येऊन संदर्भ-फायलीत लावली. समकालीन उपचारपद्धतीचा अस्सल नमुना. पुढच्या इतिहासकारांना उपयोगी. वर नंबर घातला, ४७.

९ ऑगस्ट

डॉक्टरांकडे पुन्हा जायचं होतं. रद्द केलं. परवानगी देत नाहीत तर फी कशाला भरायची? शिवाय ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान होतं, 'मनाचा इतिहास'. मोजकेच श्रोते, पण दर्जेदार. दोघे झोपले होते, ते वयामुळे.

रिसेप्शनवरून दोनदा फोन आला. पेशंट उत्तम आहे म्हणून सांगितलं.

तीन खंडांऐवजी एक खंड करावा. आटोपशीर पुस्तकालाच आता मागणी आहे.

२७ ऑगस्ट

गणपती. मोदक चितळ्यांकडून आणावे लागले. हेमाच्या हातचे का नाहीत म्हणून वरच्या मजल्यावरच्या शालूताईंनी चार वेळा विचारलं. दमली आहे, सांगितलं. आरतीला उठली नाही. शालूताई आत जाऊन तिच्याजवळ बसल्या, बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही मोठेच संशोधक आहात हो. कौतुकच होतं, पण सूर नीट लागला नाही.

खंड बाजूला. दिवाळी अंकासाठी लेख. 'आंधळे नवरे' तेवढं घेतो, तेच जमून आलंय.

३ सप्टेंबर, दुपारी ४

लेखाची पहिली ओळ लिहीत होतो. हेमाच्या मोबाइलवरून फोन, आवाज परक्या बाईचा. खडकवासल्याला कणसं भाजते म्हणाली, मुक्ताई नाव. तुमच्या बाई हितं सकाळधरनं बसल्या हायत, उठनात, बोलनात. पाण्याकडं निघाल्या व्हत्या, म्या हाताला धरून शेगडीपाशी आणून बसवलंय. मागं बी आल्या व्हत्या. तुमी हायसा कोन त्यांचे?

मी नवरा, असं सांगितलं.

मग या की, म्हणाली.

रिक्षाने निघालो आहे. सिंहगड रोडला ट्रॅफिक आहे. अक्षर बिघडलंय. हे लिहितोय कारण दुसरं काय करावं सुचत नाही.

५ सप्टेंबर

परवा हेमाला तिथून तशीच डॉ. तांबोळींकडे नेली. पदराला कोळशाचा वास होता, त्या बाईने शेगडीला खेटून बसवलं होतं. ॲडमिट करून घेतलं.

आज डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि कागद पुढे ओढला. झोप केव्हापासून नाही? सांगता आलं नाही. जेवण केव्हापासून कमी? सांगता आलं नाही. पूर्वी काय आवडायचं? शब्दकोडं, म्हणालो. ते केव्हा सोडलं, तर उन्हाळ्यात असेल, बहुतेक. गोळ्या का सुरू केल्या नाहीत? फायलीत लावल्या, म्हणालो. म्हणजे? म्हणजे चिठ्ठी, संदर्भ म्हणून. त्यांचं पेन थांबलं. रागावतील वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग विचारलं, त्या धरणावर आधीही एकदा गेल्या होत्या, तुम्हाला माहीत होतं का? हो म्हणालो. मग तुम्ही काय केलंत?

खोटं सुचलं नाही. कणीस आणलं नाही म्हणून चिडलो होतो, म्हणालो.

ते त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. क्लेम तपासून तपासून मला समोरच्याचा कागद उलटा वाचता येतो. वर छापलेलं होतं, नातेवाइकाचं निवेदन.

मास्तरला निदान भाकरी करपलेली कळली होती. मी खिचडीला नाव ठेवून मोकळा झालो.

हे कागद फेकत नाहीत, मला माहीत आहे. पुढे कधीतरी कुणीतरी पेन्सिल घेऊन बसेल, हेमाचा कागद काढेल, खालचा रकाना वाचेल. समासात काय लिहील तेही मला माहीत आहे.

हेमाला आत जाऊन भेटलो. मी आहे इथे, म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तुमचं काम झालं का हो, मिळाली परवानगी? ती चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. मला रडू आवरेना. मग तिनेच माझा हात धरून ठेवला.

परवानगीचं डॉक्टरांना विचारलं नाही. लेख रद्द.

उद्या सकाळी तिची शाल आणि कंगवा न्यायचा आहे. शाल सापडली. कंगवा ती कुठे ठेवते ते माहीत नाही. अजून शोधतोय.