पंखातल्या मोटारी

सूरजदादा,

तुझे गरुडाचे पंख कपाटावर ठेवलेत. आतले दिवे, वायरी आणि पंख उघडणाऱ्या दोन्ही मोटारी मी काढून घेतल्यात. उचलल्यावर लय हलके लागतील, घाबरू नको.

परवा सांगलीत कॉस्प्लेच्या वेशभूषा स्पर्धेत पहिला आलास. माईकवर विचारलं, दिवे-मोटारी कुणी बसवल्या? तू म्हणालास, "मी एकट्यानं." मी समोरच बसले होते. सोल्डरिंग करताना पोळलेलं बोट टाळ्या वाजवताना ठणकत होतं, तरी वाजवल्या.

एकट्यानं केलंस न्हवं? मग आज परत एकट्यानं बसव. उद्या पुण्याची फेरी हाय. दोन्ही मोटारी टेबलावर हायत, सोल्डरिंगची गनबी तिथंच हाय. तिचं कुठलं टोक तापतं, ते आधी आईला विचार. तिलाबी ठाऊक हाय.

दिवे आकाराममामाच्या बैलाच्या शिंगांना लावलेत, आज बेंदूर हाय. मामा सकाळपासनं गल्लीभर सांगत सुटलाय, "आमच्या अपेक्षानं केलंय." मी तिकडंच मिरवणुकीला चालले. फोन करू नको.

उद्या पंख उघडले न्हाईत आणि माईकवर कुणी विचारलं, हे कुणी केलं, तर तेवढं माझं नाव सांग.

अपेक्षा